नेट-टीव्ही बंद केला तरी बिल येतंच राहतं? गाठ कुठे पडते आणि ती कशी सोडवायची

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दाखले, ऑनलाइन अर्ज, लाइट बिलं अशी कामं दिवसभर चालू असतात. त्यात एक तक्रार दर महिन्याला कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकते : ‘बाय, घरचं नेट आणि टीव्ही बंद करून तीन महिने झाले, तरी बिल येतंय. आता तर वसुलीवाल्याचा फोन आला.’ कुणी घर भाड्याने दिलेलं असतं, कुणी मुलाकडे पुण्याला राहायला गेलेलं असतं, कुणी दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलेलं असतं. कंपन्या वेगळ्या आणि रकमा वेगळ्या, पण गुंता जवळजवळ तोच. गेल्या वर्षी हे साखळी गावात राहणाऱ्या माझ्या मामांच्या बाबतीत झालं. तीन महिने मी त्यामागे होते. त्या निमित्ताने जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते.

आपल्या दृष्टीने कनेक्शन बंद करणं म्हणजे एकच काम. फोन केला, माणूस आला, डबा घेऊन गेला, संपलं. कंपनीकडे मात्र त्याची निदान चार कामं होतात. लाइन तोडायची, राउटर आणि सेटटॉप बॉक्स परत आल्याची नोंद करायची, बिलिंग थांबवायचं आणि शेवटचं बिल काढायचं. ही कामं वेगवेगळ्या माणसांकडे असतात आणि एकाने केलं ते दुसऱ्याला आपोआप कळतंच असं नाही. घरी येणारा तंत्रज्ञ बहुतेक वेळा स्थानिक एजन्सीचा असतो, बिल कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातून निघतं. पाचवं काम आपल्या बँकेत असतं, ते म्हणजे ऑटोपे. यातलं एक जरी राहिलं तरी बिल चालू राहतं.

म्हणून मेसेज आला की आधी रकमेवर चिडू नका. कंपनीच्या ॲपमधून किंवा ईमेलवरून पूर्ण बिल काढा आणि एकेक ओळ वाचा. मासिक भाडं लागलंय का, उपकरणाचे पैसे लावलेत का, सुरुवातीला माफ केलेलं इन्स्टॉलेशन आता वसूल केलंय का, विलंब शुल्क आहे का. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उत्तरही वेगळं. ‘माझं बिल चुकीचं आहे’ एवढंच लिहिलं तर ‘बिल तपासले, योग्य आहे’ एवढंच उत्तर येतं. हे मी डझनभर वेळा पाहिलंय.

मासिक भाडं चालूच आहे

हे सर्वांत जास्त दिसतं. कारण बहुतेक वेळा एकच : बंद करण्याची विनंती विनंती म्हणून नोंदलीच गेलेली नसते. फोनवर ‘आम्हाला आता नको’ असं सांगितलं की समोरची व्यक्ती आधी स्वस्त प्लॅन देऊ करते, मग ‘विचार करून सांगा’ म्हणते आणि फोनची नोंद साधी चौकशी म्हणून होते. किंवा तंत्रज्ञाला सांगितलेलं असतं. मामांच्या घरून डबा काढताना तो मुलगा म्हणाला होता, ‘बंद केलां, तुमी कांयच करपाची गरज ना’, म्हणजे तुम्ही काहीच करायची गरज नाही. त्याच्या बाजूने ते खरंच होतं. त्याने लाइन काढली होती. बिलिंगपर्यंत ती गोष्ट गेलीच नव्हती.

फोन ठेवण्याआधी विनंती क्रमांक मागून घ्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला नोंद क्रमांक द्यावाच लागतो. त्याच दिवशी नोंदणीकृत ईमेलवरून कंपनीला लिहा, म्हणजे तारीख पक्की होते. क्रमांक घेतलेला नसेल आणि आता भांडण उभं राहिलं असेल, तरी हातपाय गाळू नका. तुमच्या मोबाइलच्या कॉलनोंदीत कंपनीला केलेला फोन, तारीख आणि किती मिनिटं बोललात हे असतं. त्याचा स्क्रीनशॉट आज काढून ठेवा, कारण जुन्या नोंदी फोन पुसून टाकतो. शिवाय त्या तारखेनंतर तुमच्या कनेक्शनवर किती डेटा वापरला गेला हे कंपनीला दिसतं. तक्रारीत सरळ विचारा : ‘अमुक तारखेनंतर या खात्यावर झालेला डेटावापर कळवा.’ डबाच घरात नसेल तर वापर शून्य असणार, आणि हे त्यांनाच त्यांच्या नोंदीतून सांगावं लागतं. मामांच्या प्रकरणात या एका ओळीने दोन महिन्यांचं भाडं उतरलं.

तुमचा प्लॅन प्रीपेड आहे की पोस्टपेड हेही बघा. प्रीपेडमध्ये मुदत संपली की सेवा थांबते, पुढचं भाडं चढत नाही, वाद राहतो तो फक्त डब्याचा. पोस्टपेडमध्ये पैसे भरणं बंद केलं म्हणजे करार संपला असं होत नाही. थकबाकी चढत जाते. आमच्याकडे येणारे निम्मे लोक इथेच फसलेले असतात. ‘बिल भरलं नाही की आपोआप कापतील’ असं त्यांनी धरलेलं असतं. कापतात, पण मधल्या काळाचं बिल लावून.

डब्याचे पैसे लावलेत

इथे मी जरा थांबणार आहे, कारण पावसाळ्यामुळे आपल्या गोव्यात यात एक वेगळीच भानगड होते आणि ती कुणी सांगत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या गडगडाटी पावसात राउटर जळणं ही सत्तरी-डिचोलीत नेहमीची गोष्ट. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. डबा जळतो तो अडॅप्टरमधून, म्हणजे घराच्या वीजवाहिनीतून आलेल्या झटक्याने, किंवा टीव्हीकडे जाणाऱ्या तांब्याच्या वायरीतून. मग तंत्रज्ञ येतो, स्कूटरच्या डिकीतून दुसरा डबा काढतो, पिवळी वायर त्यात खोचतो, हिरवी लाइट लागली की जातो. जुना डबा बरोबर नेतो. कागद कुणीच करत नाही, कारण सगळ्यांना घाई असते आणि आपल्याला नेट परत आल्याचा आनंद.

प्रत्येक डब्याच्या मागे किंवा खाली एक पांढरं स्टिकर असतं. त्यावर बारकोड आणि अनुक्रमांक असतो. कंपनीच्या संगणकात तुमच्या नावावर तो क्रमांक नोंदलेला असतो. डबा बदलताना नवा क्रमांक चढवला नाही, तर तुमच्या नावावर जुनाच डबा राहतो. वर्षभराने कनेक्शन बंद करताना तुम्ही घरातला डबा प्रामाणिकपणे परत देता. गोदामात तो पोचतो, क्रमांक जुळत नाही, आणि तुमच्या खात्यावर ‘उपकरण परत आले नाही’ असं पडतं. मामांना ४,३८५ रुपये ६४ पैशांचं बिल आलं त्यात २,५०० या डब्याचे होते, बाकीचं दोन महिन्यांचं भाडं आणि कर.

मामा निवृत्त शिक्षक. आयुष्यात कधी कुणाचे चार आणे ठेवले नाहीत. वसुलीवाल्याने फोनवर ‘कंपनीचा माल घरात दाबून ठेवलाय’ असं म्हटल्यावर ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. भरून टाकू का, असं मला तीनदा विचारलं. मी नको म्हटलं. रक्कम फार मोठी नव्हती, तरी न घेतलेल्या मालाचे पैसे भरणं म्हणजे आपण तो घेतला असं मान्य करण्यासारखं होतं.

सुटका झाली ती एका जुन्या मेसेजने. जूनमध्ये डबा जळला तेव्हा मामांनी तक्रार नोंदवली होती. त्या तक्रारीचा क्रमांक आणि ‘तक्रार सोडवली’ हा मेसेज त्यांच्या फोनमध्ये तसाच होता. शिवाय मामींनी लाल लाइट लागलेल्या डब्याचा फोटो मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मोठा करून पाहिला तर कडेला स्टिकरचे शेवटचे पाच आकडे वाचता येत होते. बिलात ज्या डब्याचे पैसे मागितले होते तो हाच. म्हणजे तो जूनमध्येच कंपनीच्या माणसाने नेला होता. तक्रारीत आम्ही दोन्ही जोडलं आणि विचारलं, की या तक्रारीत आमच्या घरी काय बदललं ते तुमच्या नोंदीत पाहून सांगा.

तुमच्याकडे असा फोटो नसेल तरी तक्रारीचा जुना मेसेज शोधा. तंत्रज्ञाने केलेला फोन, त्या दिवसांतला नेट बंद असल्याचा काळ, काहीही चालतं. आणि ज्यांचं कनेक्शन अजून चालू आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर उठून डब्याच्या स्टिकरचा एक फोटो काढून ठेवावा, सेटटॉप बॉक्सचाही. दोन मिनिटांचं काम आहे.

परत देताना डबा, अडॅप्टर, रिमोट, व्ह्यूइंग कार्ड असेल तर तेही, सगळं एकत्र मांडून फोटो काढायचा आणि नेणाऱ्याकडून पावती घ्यायची. पावतीबुक नसेल तर साध्या कागदावर अनुक्रमांक, तारीख, वेळ आणि सही. सही द्यायला तो कचरत असेल तर त्याच्या समोरच कंपनीच्या नंबरवर मेसेज टाका : ‘आज अमुक वाजता अमुक क्रमांकाचा डबा तुमच्या प्रतिनिधीने नेला.’ कुणी न्यायलाच आलं नाही, आठवडे उलटले, तर ईमेलने कळवून ठेवा की उपकरण तयार आहे, घेऊन जा. घर रिकामं करताना ते शेजाऱ्याकडे ठेवून जाऊ नका, मग खरंच हरवतं.

टीव्ही मागे राहून जातो

एकाच बिलात नेट, टीव्ही आणि लँडलाइन असली तरी आत ती वेगळी खाती असू शकतात. नेट बंद करा म्हटलं की नेट बंद होतं, टीव्हीचा पॅक चालू राहतो. कधी टीव्ही स्थानिक केबलवाल्याचा असतो आणि नेट दुसऱ्याचं, फक्त पैसे एकत्र घेतले जात असतात. विनंती लिहिताना तिन्हींचे ग्राहक क्रमांक वेगवेगळे लिहा. नेटच्या प्लॅनबरोबर ‘फुकट’ मिळालेली ओटीटीची वर्गणीही तपासा. प्लॅन संपल्यावर ती स्वतंत्रपणे तुमच्या कार्डावरून कापली जाते, असं मी दोघांच्या बाबतीत पाहिलं. ती त्या त्या ॲपमध्ये जाऊनच बंद करावी लागते.

माफ केलेलं इन्स्टॉलेशन परत मागतात

सहा महिने किंवा वर्षभराचा प्लॅन घेतला की इन्स्टॉलेशन माफ, आणि मध्येच सोडलं की ते वसूल, अशी अट अनेक ठिकाणी असते. ती अर्जावर किंवा प्लॅनच्या तपशिलात लिहिलेली असेल तर भांडण्यात फारसा अर्थ नाही, भरून मोकळं व्हा. मात्र ती अट तुम्हाला दाखवा असं लेखी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. ग्राहकाने स्वीकारलेली अट दाखवता आली नाही की रक्कम मागे घेतली जाते, असाही अनुभव आहे. सेवा मिळतच नव्हती म्हणून तुम्ही सोडलं असेल, तर आधीच्या तक्रारींचे क्रमांक जोडा. आठवडा आठवडा नेट बंद ठेवून वर मुदतीआधी सोडल्याचा भुर्दंड लावणं हे ग्राहक आयोगापुढे टिकणं कठीण.

अर्ध्या महिन्याचा हिशेब

हा स्वतः करून पाहा, फोनवरच्या आकड्यावर विसंबू नका. समजा प्लॅन महिना ७९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४२ रुपये ८२ पैसे. बिलचक्र ५ जून ते ४ जुलै, तीस दिवस. सेवा १८ जूनला बंद झाली, म्हणजे चौदा दिवस वापर. ७९९ ला तीसने भागून चौदाने गुणलं की ३७२ रुपये ८७ पैसे, करासह ४३९ रुपये ९८ पैसे. पूर्ण महिना आगाऊ भरला असेल तर ५०२ रुपये ८४ पैसे परत यायला हवेत. दिवसांच्या हिशेबाने परतावा मिळतो की नाही हे प्लॅनच्या अटींत असतं, प्रीपेडमध्ये बहुतेक मिळत नाही. म्हणून बंद करण्याची तारीख बिलचक्राच्या शेवटच्या दिवसाची घेतली तर हा वादच उरत नाही. विनंती मात्र आठ-दहा दिवस आधी टाका.

अनामत रक्कम भरली होती का तेही पाहा. जुन्या घरांत पाच-सहा वर्षांपूर्वीची पावती फाइलमध्ये असते आणि कुणालाच आठवत नाही. ती शेवटच्या बिलात वळती करून उरलेली परत मागा.

ऑटोपे कधी काढायचं

आधी विनंती, मग ऑटोपे. उलटं केलं तर कंपनीच्या नोंदीत तुम्ही थकबाकीदार ठरता आणि बोलणी तिथूनच सुरू होतात. विनंती क्रमांक हातात आला की युपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन परवानगी रद्द करा. कार्डावर असेल तर बँकेच्या ॲपमधून. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्ड आणि युपीआयवरच्या अशा नियमित कपातीआधी २४ तास सूचना यावी लागते, तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. बँक खात्यावर जुनी एनएसीएच परवानगी, म्हणजे खात्यातून थेट कपातीची परवानगी, असेल तर शाखेत अर्ज द्यावा लागू शकतो. वयस्कर माणसांच्या खात्यांवर हेच जास्त सापडतं.

तक्रार कशी लिहायची

मामांसाठी लिहिलेला मजकूर साधारण असा होता, हवा तर उतरवून घ्या :

‘माझा ग्राहक क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी मी इंटरनेट, टीव्ही आणि लँडलाइन या तिन्ही सेवा बंद करण्याची विनंती केली, क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी आपल्या प्रतिनिधीने उपकरणे नेली, फोटो सोबत. तरीही अमुक तारखेच्या बिलात पुढील रकमा लावल्या आहेत. यातील मासिक भाडे मला मान्य नाही, कारण सेवा बंद होती. त्या काळातील डेटावापर कळवावा. उपकरण शुल्क मान्य नाही, कारण सदर उपकरण आपल्याच तक्रार क्रमांक अमुकमध्ये बदलून नेण्यात आले. या रकमा रद्द करून क्रेडिट नोट आणि शून्य बाकीचे अंतिम बिल पाठवावे. वाद मिटेपर्यंत वसुलीचे फोन थांबवावेत.’

जी रक्कम खरोखर देणं आहे ती त्यात मान्य करा आणि भरून टाका, त्याची पावती जोडा. त्याने आपली बाजू मजबूत होते.

उत्तर समाधानकारक नसेल किंवा मुदतीत आलंच नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत अपील करायचं. त्याला फी नाही, आणि नियमाप्रमाणे ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्यांचा ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, बहुधा अगदी तळाशी बारीक अक्षरांत. आमचं काम इथेच झालं. तक्रार केंद्राने दोनदा ‘बिल योग्य’ म्हटलं होतं, अपिलात कुणीतरी पहिल्यांदा जूनची तक्रार उघडून पाहिली. लहान स्थानिक पुरवठादारांकडे ही अपिलाची पायरी नसू शकते, तिथे थेट पुढे जा. नियामक प्राधिकरण स्वतः एकेका ग्राहकाचा वाद सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र पाठवून वाट पाहत बसू नका.

पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ती कंपनीकडे प्रकरण पाठवते, निकाल देत नाही, तरी पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, उत्तर गोव्याचा पर्वरीला आणि दक्षिण गोव्याचा मडगावला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय मुंबईत असो की दिल्लीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. ‘टेलिकॉमचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत’ असं कुणी सांगितलं तर तो जुना समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते चालतात असा निर्णय दिलेला आहे.

मधल्या काळात वसुलीचे फोन येतात. घाबरून फोनवर काही कबूल करू नका आणि त्यांनी पाठवलेल्या लिंकवर पैसे भरू नका, भरायचेच झाले तर कंपनीच्या ॲपमधूनच. तक्रार क्रमांक सांगा, कोणत्या एजन्सीतून बोलताय ते विचारा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि तेवढ्यावर फोन ठेवा. घरात वयस्कर माणूस एकटं असेल तर त्यांच्या वतीने तुम्ही बोला. मामांचे फोन मी माझ्या नंबरवर वळवून घेतले होते.

मामांचं शून्य बाकीचं बिल एका शुक्रवारी संध्याकाळी ईमेलवर आलं. मी त्याची प्रत काढून साखळीला नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली, घडी घातली आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये लावली. ती प्रत निदान दोन वर्षं तरी जपून ठेवा, आणि सहा महिन्यांनी एकदा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्ज-थकबाकीच्या नोंदींचा अहवाल, पाहा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात ही थकबाकी कुठे दिसली, तर त्याच शून्य बिलाची प्रत जोडून तिथल्या तिथे हरकत नोंदवता येते.